लावालावी

मराठीत 'लावणे' या क्रियापदाला कधी कामाची ददात पडली नाही. विरजण लावतात, कुलूप लावतात, पोराला शिकवणी लावतात, वशिला लावतात आणि जमलं तर समोरच्याला शेंडी लावतात. सतारही लावतात. माझी सतार लावायला मला वीस मिनिटं लागतात. वरच्या सात तारा, पडद्यांखालून जाणाऱ्या तेरा तरफा, आणि तेवढ्यात पहिली उतरलेली असते म्हणून पुन्हा पहिली. कार्यक्रमाआधी लावायचं ते एवढंच, अशी माझी बावीस वर्षं समजूत होती. गेल्या कोजागिरीला ती गेली. साऊंड लावणे नावाचा याहून कठीण प्रकार असतो. त्याला साडेतीन तास लागतात. शिवाय सतार एकट्याला लावता येते, साऊंड लावायला अख्खी सोसायटी लागते.

झालं असं, की आमच्या सांस्कृतिक समितीला कोजागिरीला 'काहीतरी दर्जेदार' हवं होतं. समितीच्या भाषेत दर्जेदार म्हणजे फुकट. मी याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, सतार वाजवतो आणि लिफ्टने खाली येण्याचं मानधन मागत नाही, तेव्हा माझ्याइतकं दर्जेदार कोणी सापडलं नाही. तबलजींना मात्र मानधन द्यावं लागेल असं कळल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मग सोलोच करा ना. सोलो जास्त भारदस्त वाटतं." ठरलं. एकट्याची सतार, चंद्रकंस, नुसते आलाप, जोड आणि झाला. कोजागिरीचा चंद्र आणि चंद्रकंस ही जोडी समितीला इतकी आवडली की रागात काय असतं ते कोणी विचारलंच नाही.

कार्यक्रम गच्चीवर होता. चंद्र असल्यामुळे लायटिंगचा खर्च नाही, हा खजिनदार काकांचा मुद्दा. पण परतीच्या पावसाने दुपारीच हजेरी लावली (हेही लावणंच) आणि आम्ही तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आलो. हा हॉल बांधताना बिल्डरने एकच निकष पाळला होता, पुसायला सोपा असावा. खाली गुळगुळीत फरशी, छातीपर्यंत टाइल्स, त्यावर काचा आणि वर उघडा स्लॅब. इथे कोणी शिंकलं तर 'सत्य आहे' म्हणायला भरपूर वेळ मिळतो, कारण शिंक बराच वेळ हॉलमध्येच असते.

"साठ माणसं," मी म्हणालो, "माईक कशाला?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "बिनमाईकचा कार्यक्रम म्हणजे घरगुती झाला हो."

आता सतारीचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, हे त्यांना कोण सांगणार? मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूला वेलीवर पिकलेला भोपळा मिरजेला जातो, तिथे वाळतो, कापला जातो, त्यावर लाकडी तबली बसते आणि धाग्याएवढ्या जाडीची तार खोलीभर बोलू लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या भोपळ्याचा मोठा वाटा आहे. त्यात घोडी. तिच्या पसरट माथ्यावर तार किंचित घासत थरथरते, म्हणून स्वर नुसता वाजत नाही, झळकतो. या असल्या घोडीचा सी. व्ही. रामन यांनासुद्धा मोह पडला आणि १९२१ साली त्यांनी वीणा-तंबोऱ्यावर शोधनिबंध लिहिला. हे सगळं विजेच्या बिलाशिवाय.

तरी खरं सांगतो, मनातून मी कबूल होतो. सतार दिवाणखान्यातली. डोक्यावर सात पंखे, मागे मसाला दुधाची पातेली आणि मधे पोरं, एवढ्यातून वाट काढायची तर भोपळ्याचं काम नाही. १९१५ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी आपला विजेवरचा कर्णा प्रचंड गर्दीपुढे वाजवून दाखवला. बालगंधर्वांचं नाव त्याआधीच, माईकशिवाय, महाराष्ट्रभर झालं होतं. पण ते गळेच तसे होते, आणि मुख्य म्हणजे ते कान तसे होते.

चार वाजता टेम्पो आला. आमच्या भागात साऊंडवाल्याला नाव नसतं. पाठीमागे तो 'साऊंडवाला' असतो आणि समोर आला की 'भाऊ' होतो. भाऊंनी आधी दोन स्पीकर उतरवले, मग एक कपाट उतरवलं. ते कपाट नसून बेसचा स्पीकर आहे असं कळल्यावर मी त्यांना हात जोडून ते परत टेम्पोत ठेवायला लावलं.

"दांडियाला हेच चालतं, सर," ते नाराजीने म्हणाले. "बरं, ट्रॅक पेनड्राइव्हला आहे का मोबाइलला?"

"ट्रॅक नाही. सतार आहे."

भाऊंनी सतारीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून भोपळ्याच्या खालून पाहिलं, मग मागून पाहिलं. "जॅक कुठंय?"

"जॅक नसतो हिला."

"म्हणजे आवाज कुठून काढायचा?"

मी तार छेडली. भाऊ एकदम गप्प झाले. मग ते उकिडवे बसले, कान तबलीपाशी नेला आणि म्हणाले, "पुन्हा वाजवा." मी पुन्हा वाजवलं. ते उठले, भाषणाचा माईक बाजूला ठेवला आणि टेम्पोतून एक छोटी पेटी घेऊन आले. आत कापसात गुंडाळलेला पेन्सिलीएवढा माईक होता. "कंडेन्सर आहे. वरातीत काढत नाही मी हा." या माईकला फँटम पॉवर लागते, म्हणजे ४८ व्होल्टची भुताटकी. ज्या वायरीने आवाज मिक्सरकडे येतो, तिच्यातूनच ही वीज उलटी माईककडे जाते. दिसत कुणालाच नाही, फक्त ती नसली तर माईक मुका राहतो.

मग माईकची जागा. हे मुलीला स्थळ बघण्यासारखं असतं, प्रत्येक जागेत एकेक खोट निघते. घोडीसमोर धरला तर नखीची टणटण सोडून काही ऐकू येईना. भोपळ्याशी नेला तर सतार मोदकाचं सारण खाऊन बोलल्यासारखी वाटे. पडद्यांकडे नेला तर बोटं तारेवर घासल्याचं स्पष्ट, स्वर मात्र अंदाजाने. लांब नेला तर पंखे आले, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. शेवटी घोडीपासून वीतभर अंतरावर, जरा तिरका, अशी जागा सापडली. भाऊंनी ती फरशीवर चिकटपट्टीने आखली आणि मला बजावलं, "आता हलायचं नाही, सर." आलापात डोलण्यावर माझी निम्मी कीर्ती आहे.

बटण चालू केलं आणि हॉलभर 'घुंऽऽ' सुरू झालं. देशभरची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, हे तिचंच गाणं. माझा सा काळी एकचा. त्या हिशेबाने हा घुंकार पडत होता तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे, अगदी कुंपणावर. चंद्रकंसात तीव्र मध्यम नाही आणि पंचम तर वर्ज्यच. म्हणजे सगळ्या सप्तकात जिथे मला पाऊल ठेवायची बंदी, नेमका तिथेच इमारतीचा वीजपुरवठा षड्ज लावून बसला होता. मी हे भाऊंना तळमळून सांगितलं. त्यांनी शांतपणे भिंतीकडे पाहिलं. मिक्सर या भिंतीच्या प्लगला, ॲम्प्लिफायर त्या भिंतीच्या. "अर्थिंगचा लोचा," ते म्हणाले आणि दोघांना एकाच बोर्डावर आणलं. पंचम गेला. रियाजाने जे साधायला मला चार वर्षं लागली होती, ते एका एक्स्टेन्शनने झालं.

त्यानंतर शिट्टी. 'कुंईऽऽ' हा आवाज ज्याने ऐकला नाही असा मराठी माणूस नसेल. आपल्याकडे पाहुण्यांच्या स्वागताआधी तो एकदा होतोच. त्यामागचं शास्त्र असं : माईक जे ऐकतो ते स्पीकरला सांगतो. स्पीकर तेच मोठ्याने बोलतो. ते पुन्हा माईकच्या कानावर पडतं, तो पुन्हा स्पीकरला सांगतो, स्पीकर आणखी मोठ्याने, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बोंबाबोंब. डेन्मार्कच्या सोरेन लार्सन या शास्त्रज्ञाच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात. आपल्याकडे याला लावालावी म्हणतात. आमच्या बी विंगमधला पाण्याचा वाद याच तत्त्वावर तीन वर्षं चालू आहे.

लावालावीवर उपायही तोच, एकमेकांची तोंडं एकमेकांकडे करायची नाहीत. मोठे स्पीकर माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून. मला माझं मला ऐकू यावं म्हणून एक छोटा मॉनिटर, माईकच्या पाठीकडे, कारण असे माईक पाठीमागून बहिरे असतात. तरी शिट्टी आलीच. तेव्हा भाऊंनी एकतीस पट्ट्यांचा इक्वलायझर उघडला, आवाज मुद्दाम वाढवून शिट्टीला बोलावलं, ती आली तशी तोंडानेच तिच्या सुरात शीळ घातली आणि म्हणाले, "आठशेवाली पट्टी." ती पट्टी त्यांनी खाली ओढली. शिट्टी थांबली.

"थांबा!" मी ओरडलो. "तो माझा धैवत आहे!"

तो होताच. चंद्रकंसातला कोमल धैवत, ज्यावर माझा अर्धा आलाप उभा. भाऊ क्षणभर पट्टीकडे आणि क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. असल्या मागण्या त्यांना वरातीत येत नसाव्यात. "बघतो," ते म्हणाले, "तुमचा धैवत वाचवायचं बघतो."

आता उरला हॉल. या बाबतीत आमच्या आधी एक गृहस्थ होऊन गेले आहेत. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह झालं. दिसायला देखणं, पण त्यात बोललेला शब्द इतका घुमे की पुढचा शब्द त्याच्या अंगावर जाऊन पडे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते निस्तरायची वेळ आली. त्याने काय करावं? रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून आणायच्या, त्या थोड्याथोड्या मांडत घुमारा किती सेकंदांत विरतो ते मोजायचं, आणि उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी. त्यातून सभागृहाच्या घुमाऱ्याचं सूत्र निघालं, आणि १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच हिशेबाने उभा राहिला. हे सगळं मी सेक्रेटरींना सांगितलं. त्यातला 'गाद्या' एवढाच शब्द त्यांनी घेतला आणि ग्रुपवर मेसेज टाकला, 'सर्वांनी आपापल्या गाद्या घेऊन हॉलमध्ये यावे.'

अर्ध्या तासात एकवीस गाद्या, नऊ सतरंज्या आणि एक स्लीपिंग बॅग जमली. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालणाऱ्या पिढीने गाद्यांच्या कोपऱ्यांवर मार्करने नावं घातली होती. दोन घरांतून, मुक्काम आहे असं समजून, उशापण आल्या. आम्ही गाद्या अंथरल्या, काही भिंतींना टेकवल्या, आणि भाऊंनी टाळी वाजवली. मघाशी ती टाळी हॉलभर फिरून येत होती, आता जागीच बसली. "माणसं आली की अजून बसेल," भाऊ म्हणाले. माणूस आवाज चांगला शोषतो असं शास्त्र सांगतं. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला ते शास्त्रज्ञ आले नसावेत.

पण गाद्यांबरोबर गाद्यांचे मालकही आले, आणि मग साऊंड खरा लागायला लागला. मोकळा माईक दिसला की मराठी माणसाच्या हातून तीनच गोष्टी होतात. तो माईकवर टिचकी मारतो, त्यात फुंकर घालतो आणि 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतो. चारपर्यंत गेलेला इसम अजून जन्माला यायचा आहे. कंडेन्सरवर फुंकर पडणार तोच भाऊंनी झडप घातली. "फुंकर दुधावर घाला, काका. हा नाजूक आहे."

नंतर सल्ले. ए विंगमधले आजोबा म्हणाले, आवाज फाटतोय. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, बेस फार आहे, छातीत धडधडतं. (बेसचं कपाट टेम्पोत होतं.) सॉफ्टवेअरमधला एक तरुण मोबाइलवर डेसिबल मोजत आला आणि म्हणाला, २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, आणि इथे ६८ दिसतंय. त्याला सांगावं लागलं की अजून काहीच वाजत नाहीये, ते ६८ काकूंचे आहेत. सेक्रेटरी दर पाच मिनिटांनी येऊन दहाच्या आत आटपायची आठवण करत होते. प्रत्येकाचं भाऊ नम्रपणे ऐकत, "हो हो, बरोबर आहे" म्हणत, मिक्सरवर वाकत आणि उजव्या टोकाचं एक बटण हलकेच फिरवत. "आता?"

"हां! आता कसं," आजोबा म्हणाले.

"बघा, केवढा फरक पडला," काकू म्हणाल्या.

तरुणाने डोळे मिटून ऐकलं. "मिड्स सुधारले."

हे चार वेळा पाहिल्यावर चहाच्या वेळी मी भाऊंना गाठलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून सांगितलं, "सर, माईक एक नंबरला, तुमच्या मोबाइलचा तानपुरा दोनला, निवेदनाचा तीनला. सोळाला काहीच लावलेलं नाही. ते पब्लिकसाठी असतं. या धंद्यात सगळ्यांकडे एक सोळा असतंच."

मला इतका आनंद झाला की मी स्वतःला थेट जाणकारांच्या गोटात समजू लागलो. त्यानंतर जो जो सल्ला द्यायला येई, त्याला मी आदराने भाऊंकडे नेऊन सोडत होतो आणि बाजूला उभा राहून मनात हसत होतो. लोक किती भोळे असतात, असं मी सौ.लाही सांगितलं.

आठला बसलो. मोबाइल विमानात नसताना विमानाच्या मोडवर टाकला, नाहीतर तानपुऱ्यात कुणाचं तरी 'शुभ कोजागिरी' टुणकन वाजलं असतं. पहिला सा लावला. बाहेरचं छान घुमत असावं, कारण पहिल्या रांगेतले आजोबा मान हलवत होते. पण मला माझं पुरेसं ऐकू येईना. मी उजव्या हाताने तार छेडत डाव्या भुवईने मॉनिटरकडे खूण केली. भाऊंनी मान डोलावली, बटण फिरवलं. जरा बरं वाटलं. मंद्रात उतरलो, पुन्हा खूण केली, थोडं अजून. त्यांनी दिलं. आता मात्र मॉनिटरमधून सतार अशी भरून आली की बोलायची सोय नाही. गंधारावरची मींड निवांत झाली. धैवतावर आलो आणि तो असा उजळ लागला, की आठशेवाल्या पट्टीची आठवण येऊन मी भाऊंकडे कृतज्ञतेने पाहिलं. बावीस वर्षांत एखाद-दोनदाच असं वाजतं. दहाला दहा कमी असताना झाला संपवला. टाळ्या झाल्या, गाद्यांमुळे सभ्य वाटल्या. काकू म्हणाल्या, साऊंड फार सुंदर होता. मी मनात म्हटलं, सोळावं बटण.

दूध पिऊन झाल्यावर आवराआवरीला हात लावावा म्हणून मी मॉनिटर उचलला. त्याची वायर त्याच्याच मुठीला गुंडाळून नीट गाठ मारलेली होती.

"भाऊ, ही कधी काढलीत?"

"साडेसातला, सर."

"साडेसातला? मी आठला बसलो."

भाऊ केबल गुंडाळत राहिले. मान वर न करता म्हणाले, "मॉनिटर चालू ठेवला की शिट्टी येत होती. शिट्टी मारायची तर तुमचा धैवत कापायला लागत होता. दोघांतला एकच ठेवता येत होता. मॉनिटर काढला."

"आणि मी खुणा करत होतो त्या?"

त्यांनी मिक्सरच्या उजव्या टोकाकडे बोट केलं.

मी मॉनिटर अलगद खाली ठेवला. तो फारच हलका वाटत होता. इतका वेळ मी जो भरलेला आवाज ऐकत होतो, तो मांडीवरच्या भोपळ्यातून येत होता, रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावर येतो तसाच. बटणाने वाढला होता तो माझा धीर.

तेवढ्यात खजिनदार काका बिल घेऊन आले. चष्मा कपाळावर, बोट एका ओळीवर. "हे काय? माईक लागले दोन. तुम्ही तानपुरा म्हणताय म्हणून तीन धरू. आणि भाडं सोळा चॅनेलच्या मिक्सरचं? तेरा चॅनेल वाया गेले की आपले."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, हवी तर बाकीच्यांवर घासाघीस करा. सोळाव्याचे मात्र पूर्ण द्या. सगळ्यात जास्त वापर त्याचाच झाला."

"असं? सोळाव्याला काय लावलं होतं?"

'शेंडी' हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण पुढच्या कोजागिरीलाही मलाच बसायचं होतं, आणि भाऊंनाही.

"चंद्रकंस," मी म्हणालो.

काकांनी मान डोलावली आणि व्हाउचरवर तसं लिहून घेतलं.